नगराची घरे आणि महापौरांचे उत्तर

डोंगरीतील केसरबाई इमारत 16 जुलै 2019 रोजी कोसळली आणि ढिगारा उपसण्याचे काम पुरे होण्यापूर्वीच ती इमारत नेमकी कोणाची, हा वाद उभा राहिला. पडलेला भाग आपल्या उपकरप्राप्त इमारतीचा नव्हेच, असे म्हाडाने जाहीर केले. त्याच दिवसांत, ज्यांची सारी हयात सरकारी दफ्तरांत गेली असे माझ्या परिचयाचे एक निवृत्त अधिकारी बोलता बोलता म्हणाले, "महापौरांना जाब विचारून काय मिळणार? जुन्या इमारतींची दुरुस्ती म्हाडाकडे, झोपड्या प्राधिकरणाकडे, जमीन कलेक्टरकडे. महापौरांच्या हातात आहे काय?" हे उद्गार पुष्कळ अंशी खरे आहेत, आणि म्हणूनच ते माझ्या मनातून जात नाहीत.

मुंबईचा कारभार कसा चालतो हे वाचकांस ठाऊक आहे. 1888 च्या कायद्याने कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांना दिले. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवितात आणि अडीच वर्षांनी पायउतार होतात. घरबांधणी 1976 च्या कायद्याने म्हाडाकडे गेली, झोपडपट्ट्यांचे पुनर्वसन 1995 नंतर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत झोपडपट्टी-सुधारणा आहे, परंतु घरबांधणी हा स्वतंत्र विषय नाही.

तरीही दोष ठेवणे आणि उत्तर मागणे या दोन क्रियांची आपण जी सरमिसळ करतो, ती मला मान्य नाही. दोष ठेवावयाचा तर ज्याच्यावर ठेवावयाचा त्याच्या हाती निर्णयाचा अधिकार असला पाहिजे, अन्यथा तो अन्याय होईल, हे निर्विवाद आहे. परंतु उत्तर मागण्यासाठी तेवढ्या अधिकाराची अट घालण्याचे कारण नाही, कारण उत्तर देणाराने ठाऊक असलेले सांगावयाचे असते, ठाऊक नसलेले ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मागवून घ्यावयाचे असते, आणि मागूनही मिळाले नाही तर ते कोणी दडविले हे चारचौघांत बोलून दाखवावयाचे असते. माझे स्नेही हा भेद मानीत नाहीत. अधिकार नाही तेथे जबाबदारी नाही, हे त्यांचे सूत्र आहे, आणि ते न्यायाचे आहे असे त्यांना मनापासून वाटते. मला मात्र त्या सूत्रात न्यायापेक्षा दफ्तरांची सोय अधिक दिसते, कारण प्रत्येक खाते ते सूत्र पुढे करून नागरिकाला शेजारच्या खिडकीकडे पाठवू शकते आणि अखेरची खिडकी कोणती, हे कोणीच सांगत नाही.

हा लेख मनात जुळवू लागलो तेव्हा महापौर थेट लोकांनी निवडावा आणि घरबांधणीचा सर्व कारभार त्याच्याकडे सोपवावा, अशी मागणी करण्याचा माझा बेत होता. दाखला अर्थात व्हिएन्नाचा. पहिल्या महायुद्धाने खंगलेल्या त्या नगरीने 1923 मध्ये घरबांधणीसाठी स्वतंत्र कर बसविला, मोठ्या निवासस्थानांवर तो चढत्या दराने आकारला, आणि 1934 पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. महापौर कार्ल झाइट्झ यांनी 1930 मध्ये उद्घाटन केलेली कार्ल-मार्क्स-होफ ही एकच वसाहत किलोमीटरहून अधिक लांब आहे. पण मला त्या घरांच्या संख्येपेक्षाही त्यांच्या भिंती अधिक मोलाच्या वाटतात. ही इमारत व्हिएन्नाच्या नगरसंस्थेने घरबांधणी-कराच्या उत्पन्नातून अमुक वर्षी बांधली, अशी नोंद त्या भिंतींवर ठळक अक्षरांत आहे. बांधणारा कोण, पैसा कोठला आणि काम केव्हाचे, हे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वाचता येते. ज्या सत्तेने आपले नाव असे भिंतीवर लिहिले, तिला ती भिंत खचल्यावर मी नव्हेच असे म्हणता येत नाही.

त्याच दशकात मुंबईतही सरकारी चाळी उठत होत्या. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत 1920 मध्ये विकास खाते स्थापन झाले, कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसला, पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडण्यात आला, आणि वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे 207 चाळी उभ्या राहिल्या. एकशेसाठ चौरस फुटांच्या त्या अंधाऱ्या खोल्यांचे भाडे कामगारांना परवडेना आणि कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. तोवर गव्हर्नरसाहेब मुदत संपवून परत गेले होते. ज्यांच्यासाठी त्या खोल्या बांधल्या त्या गिरणी-कामगारांनी आपले गाऱ्हाणे न्यावे तरी कोणाकडे?

मात्र व्हिएन्नाचा दाखला नीट तपासू लागलो तसा माझा बेत डळमळला. ती नगरी 1922 पासून स्वतंत्र प्रांत होती, म्हणून तिला कर बसविता आला. तेथील महापौर हाच प्रांताचाही प्रमुख. आणि विशेष हे की त्याची निवड नागरिक थेट करीत नसत. मुंबईप्रमाणेच तेथेही सभागृह महापौर निवडीत असे. तेव्हा थेट निवडणूक हा मुद्दाच उरत नाही, आणि मुंबईला स्वतंत्र प्रांत करण्याची कल्पना तर ज्या महाराष्ट्राने तिच्यासाठी प्राण वेचले त्याच्यासमोर मी मांडणार नाही. 1998 मध्ये मुंबईत महापौर परिषद आणून अधिकार देण्याचा प्रयोगही झाला आणि वर्षभरातच गुंडाळला गेला.

मग उरले काय? उरली महानगरपालिकेची स्वतःची घरे, ज्यांचा माझ्या स्नेह्यांच्या यादीत उल्लेखच नव्हता. प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट 1933 मध्ये महानगरपालिकेत विलीन झाला आणि त्याच्या बीआयटी चाळींची मालकी तिच्याकडे आली. परळच्या ज्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले, तीही त्यांतलीच. अशा जुन्या चाळींत गॅलरीला लाकडी टेकू लावलेले दिसतात, संडास सामाईक असतो, आणि भाडेपावती पुष्कळदा वारलेल्या आजोबांच्या नावावर चालत असते, कारण ती नातवाच्या नावावर करून घेण्यास लागणारे दाखले जमविता जमविता माणूस थकून जातो. येथे घरमालक म्हाडा नाही, प्राधिकरण नाही. घरमालक स्वतः महानगरपालिका आहे.

आणि 27 सप्टेंबर 2013 रोजी माझगावला बाबू गेनू मंडईची जी इमारत कोसळून एकसष्ट माणसे दगावली, तीही महानगरपालिकेचीच होती. वर राहत होती पालिकेच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे. खालच्या मजल्यावरील गाळा भाड्याने दिलेला होता आणि तेथे केलेल्या फेरफारांचा प्रश्न पुढे चौकशीत आला. जमीन पालिकेची, इमारत पालिकेची, राहणारे पालिकेचे चाकर, तपासणी करणारे अभियंतेही पालिकेचे. अधिकार दुसरीकडे आहेत हे उत्तर येथे कोणी कोणाला द्यावे?

म्हणून माझी मागणी आता पूर्वीपेक्षा लहान झाली आहे आणि तिच्याविषयीचा माझा आग्रह वाढला आहे. कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे प्रयोजन नाही. आयुक्तांकडून कागदपत्रे आणि अहवाल मागविण्याचा हक्क सभागृहाला 1888 च्या कायद्यातच आहे, अर्थसंकल्पाला मंजुरीही सभागृहच देते, आणि त्या सभागृहाच्या अध्यक्षस्थानी महापौर असतात. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर हे सभागृह काही वर्षे अस्तित्वातच नव्हते, प्रशासकांनीच कारभार पाहिला. त्या काळात उत्तर मागण्याची जागाच नाहीशी झाली होती. ज्या पदाची गरज ते रिकामे असताना इतकी जाणवली, त्या पदावर बसणाराने आपल्या हाती काही नाही असे म्हणू नये.

महापौरांनी दर वर्षी मे महिन्यात, पावसापूर्वी, पालिकेच्या मालकीच्या प्रत्येक निवासी इमारतीची तपासणी केव्हा झाली, दुरुस्तीवर काय खर्च झाला, किती कुटुंबे संक्रमण शिबिरांत गेली आणि त्यांतली किती परतली, याचा हिशेब सभागृहापुढे ठेवावा. धोकादायक इमारतींच्या याद्या आज दोन निघतात, उपकरप्राप्त इमारतींची म्हाडाची आणि उरलेल्यांची पालिकेची, आणि आपले घर कोणत्या यादीत शोधावे हे रहिवाशाला कळत नाही. महापौरांनी म्हाडाची यादीही मागवून घेऊन दोन्ही एकत्र मराठीत प्रसिद्ध कराव्यात, आणि प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या दाराशी लावाव्यात. म्हाडाने यादी देण्यास विलंब लावला तर तेही त्याच कागदावर, तारखेनिशी, छापावे.