दिसत नाही, म्हणजे नाही?

टीव्हीचा रिमोट चालत नाही म्हणून कुणी दुकानात आणला, की कारागीर आधी सेल बदलतो. तेवढ्याने भागलं नाही, तर रिमोटचं तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे करून एखादं बटण दाबून धरतो. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर पुढचा एलईडी शाबूत आहे. काहीच दिसलं नाही तर दोष रिमोटमध्येच आहे, असं मानून स्क्रू काढायला सुरुवात होते. पुण्याच्या तापकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ही परीक्षा इतकी रोजची आहे की तिच्यात तत्त्वज्ञानाचा एक फार जुना प्रश्न दडला आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही. एखादी गोष्ट दिसली नाही, एवढ्यावरून ती नाही असं म्हणण्याचा अधिकार केव्हा मिळतो?

माणसाच्या डोळ्याला साधारण 380 ते 750 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. रिमोटमधला एलईडी बहुधा 940 नॅनोमीटरचा असतो, म्हणजे तांबड्याच्याही बराच पलीकडचा, अवरक्त. कॅमेऱ्यातलं सिलिकॉन मात्र जवळजवळ 1100 नॅनोमीटरपर्यंत प्रकाश टिपू शकतं, म्हणून डोळ्याला न दिसणारा ठिपका पडद्यावर उमटतो. पण फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडवणारी काच बसवलेली असते. पुष्कळ फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यात ती कडक असते, पुढच्यात सैल. त्यामुळे मागच्या कॅमेऱ्याने ‘मेलेला’ ठरवलेला रिमोट सेल्फीच्या कॅमेऱ्यासमोर धरला की व्यवस्थित लुकलुकतो.

मुरलेला कारागीर म्हणूनच एक पायरी वाढवतो. तो आधी खात्रीने चालणारा दुसरा रिमोट त्याच कॅमेऱ्यासमोर धरून बघतो. तो दिसला, तरच आजारी रिमोटच्या न दिसण्याला अर्थ येतो.

सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी नेमकी हीच पायरी ज्ञानशास्त्रात मांडली. त्यांच्या परंपरेतल्या भाट्ट मीमांसकांनी प्रत्यक्ष, अनुमान वगैरे प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, जोडीला ‘अनुपलब्धी’ हे सहावं प्रमाण मानलं. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं ते घडा न दिसण्यातून. पण त्याला एक अट आहे. ती अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. उजेड आहे, डोळे धड आहेत, मध्ये आडोसा नाही, आणि घडा असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती असेल तरच न दिसणं प्रमाण ठरतं. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मीमांसेतल्याच प्रभाकरांनी हे वेगळं प्रमाण मानायला नकार दिला, नैयायिकांनी अभाव प्रत्यक्षानेच कळतो असं म्हटलं, आणि बौद्ध तर्कज्ञ धर्मकीर्तींनी त्याला अनुमानात जागा दिली. वाद कडाक्याचा होता. पण दिसण्याजोगी वस्तू दिसली नाही तरच निर्णय देता येतो आणि जी मुळात दिसण्याजोगीच नाही तिच्याबाबत हाती फक्त संशय उरतो, या मुद्द्यावर हे एकमेकांचे कट्टर विरोधक आश्चर्य वाटावं इतके जवळ येतात.

योग्यता कशी ठरते, याचा फार सुंदर धडा शाळकरी मुलांच्या रोबोटमध्ये मिळतो. काळ्या रेषेवरून चालणारी छोटी गाडी पुष्कळ मुलं करतात. तिच्या पोटाखाली एक अवरक्त एलईडी आणि शेजारी एक रिसीव्हर असतो. पांढऱ्या कागदावरून किरण परत येतो, काळ्या रेषेवर तो शोषला जातो, आणि त्या फरकावर गाडी वळते. एखादं मूल रेषा चिकटपट्टीऐवजी मार्करने ओढतं आणि गाडी रेषेवरून अशी सरळ निघून जाते, जणू तिथे काही नाहीच. प्रोग्राम पुन्हा तपासला जातो, मोटारी उलटसुलट जोडल्या जातात, सेन्सरचा पोटेंशिओमीटर पिळून पिळून सैल होतो. कारण निराळंच असतं. पुष्कळ मार्करांची शाई विरघळलेल्या रंगाची (डाय) असते. डोळ्याला ती काळीकुट्ट दिसते, अवरक्त किरणाला मात्र ती जवळपास पारदर्शक असते. कार्बनची शाई किंवा काळी इन्सुलेशन टेप लावली की गाडी शहाण्यासारखी वळू लागते. मुलाचा डोळा खोटं सांगत नव्हता आणि सेन्सरही नाही. दोघांना विचारलेले प्रश्न वेगळे होते. म्हणून ‘काळं’ हा गुण नुसत्या वस्तूचा म्हणता येत नाही. कोणत्या प्रकाशात, कोणत्या ग्राहकाला, हे जोडल्याशिवाय ते विधान अपुरं राहतं.

या अदृश्य प्रकाशाचा शोधही याच शिस्तीतून लागला. 1800 साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल सूर्यप्रकाश लोलकातून सोडून प्रत्येक रंगाची उष्णता मोजत होते. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला नुसता काळोख होता, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा आणखी वर चढला. पण त्या पाऱ्याला वजन आलं ते बाजूला, किरणांच्या वाटेबाहेर ठेवलेल्या थर्मामीटरांमुळे. तुलनेला ते नसते, तर खोलीच गरम झाली असेल, एवढं म्हणून कुणीही विषय संपवला असता.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ठिपका दिसला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. रिमोटचा एलईडी नुसता पेटत नाही, तो सेकंदाला सुमारे 38,000 वेळा उघडझाप करतो आणि त्या कंपनाचे लांब-आखूड तुकडे पाडून संदेश पाठवतो. पुष्कळ रिमोटांत ही गती 455 किलोहर्ट्झच्या सिरॅमिक रेझोनेटरला बाराने भागून मिळवलेली असते. रिमोट फरशीवर आपटला, रेझोनेटरला तडा गेला आणि गती भरकटली, तर कॅमेऱ्यात ठिपका मजेत लुकलुकतो आणि टीव्ही ढिम्म राहतो. इथे दिसणं खरं आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा. एनईसी नावाच्या पद्धतीच्या संदेशात तर बटणाचा आकडा एकदा जसाच्या तसा आणि एकदा प्रत्येक बिट उलटा करून पाठवला जातो. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर मिळालेला संदेश टीव्ही टाकून देऊ शकतो. मिळालेल्या ज्ञानाची शंका घेण्याची सोय त्या ज्ञानातच गुंफून ठेवणं, ही साध्या रिमोटमधली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

महाराष्ट्रातल्या प्रवचनांत हा रिमोट अधूनमधून भेटतो. ‘रिमोटचा किरण दिसतो का? नाही. पण टीव्ही लागतो ना? तसाच देव.’ श्रोते माना डोलावतात. या युक्तिवादाला हसून सोडून देणं योग्य नाही, कारण त्याचा अर्धा भाग भक्कम आहे आणि त्याची परंपरा मोठी आहे. दहाव्या-अकराव्या शतकातले मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात (प्रकरणात) हेच मांडलं. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, असं म्हणणाऱ्याला ते विचारतात, ईश्वर दिसण्याजोगा होता का? नुसतं न दिसणं पुरेसं मानलं, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकामुलं दिसत नाहीत म्हणून त्याने शोकच करायला हवा. हा टोला बिनतोड आहे.

पण तो फक्त नास्तिकाच्या घाईला लागतो. त्यातून ईश्वर आहे, असं निघत नाही. अयोग्य अनुपलब्धी जशी अभाव सिद्ध करत नाही, तशी ती अस्तित्वही सिद्ध करत नाही. अनुपलब्धी मांडणारे कुमारिल स्वतः जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हते, हे इथे विसरून चालणार नाही. रिमोटच्या किरणावर आपला विश्वास बसतो तो किरण अदृश्य आहे म्हणून मुळीच नाही. मध्ये हात धरला की टीव्ही बटणाला दाद देत नाही, हात काढला की देतो, आणि हे कुणीही, कुठेही करून पाहू शकतो. न्यायाच्या भाषेत तिथे अन्वय (किरण आहे तर परिणाम आहे) आणि व्यतिरेक (किरण नाही तर परिणामही नाही) दोन्ही आहेत. प्रवचनातला दाखला अन्वय घेतो आणि व्यतिरेक सोडून देतो.

आणि इथे रिसीव्हरची एक खोड मोलाची ठरते. टीव्हीच्या कपाळावर बसलेला तो काळा तीन पायांचा घटक सूर्यप्रकाशातल्या प्रचंड अवरक्त प्रकाशाकडे लक्ष देत नाही, कारण तो प्रकाश स्थिर असतो. 38 किलोहर्ट्झचा किरणही खंड न पाडता पाठवत राहिलं, तर पुष्कळ रिसीव्हर थोड्या वेळाने तो गोंगाट समजून आपली संवेदना कमी करतात. त्यांना कळतं ते बदलणारं, थांबणारं, पुन्हा सुरू होणारं. जे सर्वत्र, सदैव, एकसारखं आहे असं म्हटलं जातं, त्याच्यासमोर हात कुठे धरायचा? अशा गुणधर्माला न्यायशास्त्रात ‘केवलान्वयी’ म्हणतात. ज्ञेयत्वासारखा धर्म सगळीकडेच असतो, त्याचा अभाव असलेली जागा दाखवता येत नाही.

उदयनांनाही हे पुरतं ठाऊक असणार, म्हणूनच ते अदृश्यतेच्या आधारावर थांबले नाहीत. पाचव्या स्तबकात ते कार्यावरून कर्त्याकडे जातात: घडा हे कार्य, त्याला कुंभार असतो, पृथ्वीही कार्य, तिलाही कर्ता हवा. विरोधकांनी त्यावर रानात आपोआप उगवणारा अंकुर पुढे केला, तो कार्य आहे आणि त्याचा कर्ता तर कुणी पाहिलेला नाही. नैयायिकांचं उत्तर असं की तो कर्ता अशरीर आहे, दिसण्याजोगाच नाही, तेव्हा त्याचं न दिसणं इथे प्रमाण धरता येणार नाही. विरोधकाला हे मान्य होत नाही. ज्या कर्त्याशी कार्याची व्याप्ती (अटळ साहचर्य) सिद्ध करायची, त्यालाच आधी अदृश्य ठरवून व्यतिरेकाची वाट बंद केली, असं तो म्हणतो, आणि दुरुस्तीच्या टेबलावर बसलेला कुणीही ही तक्रार लगेच ओळखेल.