हौदा आणि लघुप्रबंध

कुस्तीगीर खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते, हे कोल्हापूर कधी विसरत नाही. १९५२ साली ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं, हेही इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. त्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र आपण हळहळून सोडून देतो. हेलसिंकीत जपानच्या इशीशी झालेल्या लांबलचक कुस्तीनंतर खाशाबांना जवळपास लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला एकही भारतीय अधिकारी तिथे नव्हता, असं सांगतात. दमलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर भागवावं लागलं.

त्याआधी चार वर्षं, १९४८ साली लंडनला, ते फ्लायवेटमध्ये सहावे आले होते. मातीत वाढलेला हा मल्ल तिथे मॅटवर नवखा होता. म्हणजे ढाक मारायला शिकवणारे होते, खर्च उचलणारे होते, घर गहाण टाकणारा प्राचार्यही होता. मॅट म्हणजे काय, नियमावली काय म्हणते, दमलेलं शरीर किती वेळात सावरतं, हे जाणणारा माणूस तेवढा नव्हता. शारीरिक शिक्षणातलं पदव्युत्तर शिक्षण खरं तर हा माणूस घडवण्यासाठी असतं. तो अजून पुरेसा घडत नाही. कोल्हापुरात तर त्याच्या अभ्यासाचा विषय हाकेच्या अंतरावर असूनही घडत नाही, ही माझी तक्रार आहे.

या शिक्षणाचा रस्ता लांबचा आहे. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी, मग बी.पी.एड., जे २०१४च्या नियमांनंतर दोन वर्षांचं झालं, आणि वर आणखी दोन वर्षांचं एम.पी.एड. सात वर्षं झाली. महाविद्यालयात जायचं तर पुढे नेट किंवा सेट. एवढं करून समोर काय आहे? २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तेही पटसंख्या शंभरावर असेल तरच, आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक देऊ केला आहे. अर्धवेळ! मुलांच्या शरीराबद्दल कायद्याला किती वेळ आहे ते या एका शब्दात आलं. उरलेल्या शाळांत पी.टी.चा तास परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांकडे जातो, आणि पी.टी.चे सर संचलन बसवतात, रांगा लावतात, निवडणुकीच्या कामाला जातात.

पदवी अशी नोकरीच्या खुंटीला बांधली की अभ्यासही तेवढ्याच दोरीत फिरतो. लघुप्रबंधांचे विषय पाहिले तर साचा लगेच ओळखू येतो: अमुक शाळेतल्या चाळीस मुलांना सहा आठवडे प्लायोमेट्रिक व्यायाम दिला, आधी चाचणी, नंतर चाचणी, एक नियंत्रित गट, शेवटी टी-चाचणी, आणि ‘सार्थ फरक आढळला’. न धावणाऱ्या पोराला सहा आठवडे पळवलं तर तो आधीपेक्षा बरा पळणारच. त्याला संख्याशास्त्र कशाला? शारीरिक क्षमता मोजायला आपल्याकडे अनेक वर्षं वापरात असलेली आफर चाचणी १९५८ची, अमेरिकन शाळकरी मुलांसाठी बांधलेली. म्हणून तर तिच्यात पन्नास यार्ड आणि सहाशे यार्ड धावणं आहे. हार्वर्ड स्टेप टेस्ट तर दुसऱ्या महायुद्धातल्या धडधाकट अमेरिकन जवानांसाठी होती. ही साधनं वाईट नाहीत. पण राधानगरीच्या चढावर रोज दूध घालायला जाणाऱ्या मुलाची ताकद त्यांत मावते का, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. विद्यार्थ्यांना मी दोष देणार नाही. सत्र संपायच्या आत प्रबंध बांधणीला द्यायचा असतो, त्यामुळे सहा आठवडे हा शास्त्राचा कालावधी नसून वेळापत्रकाचा असतो.

आणि इकडे गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमीत पहाटेपासून वेगळंच शास्त्र चाललेलं असतं. हौद्यातली तांबडी माती खोऱ्याने उकरून भुसभुशीत करायची, तीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवायचं. मग जोर, बैठका, सपाट्या, आणि त्यानंतर लढती. वस्ताद बाजूला बसलेला असतो, बोलतो कमी. एखादं पोर पट काढायला दोन बोटं उशिरा वाकलं, तर त्याला ते दिसतं. एखाद्याचा श्वास आज नेहमीपेक्षा लवकर लागला, तर त्याला दुसऱ्या दिवशी हलकी मेहनत मिळते. परदेशी प्रयोगशाळेत ज्याला भाराचं नियमन म्हणतात आणि ज्यासाठी छातीला पट्टा बांधतात, ते इथे नजरेने होतं. जत्रेच्या मैदानात तर पंच नवख्या पोराचा हात धरून त्याला आखाड्याभोवती फिरवतो, बघणारे त्याचे खांदे, मान, मांड्या जोखतात आणि तिथल्या तिथे जोड ठरते. वजनकाटा नाही. जोड बहुधा बरोबर लागते. कशावरून लागते? हा एका पीएच.डी.चा विषय आहे, आणि तो कुणी घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मात्र तालमीपुढे नुसते हात जोडून उभं राहणं हाही अभ्यास नव्हे. राजर्षी शाहूंनी १९०२च्या युरोपच्या दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडांगण पाहिलं आणि १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं, त्या काळी कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. वस्तादाची सगळी मेहनत त्या कुस्तीसाठी रचलेली आहे: दम टिकवणारी, हजारात मोजायच्या बैठकांची, तुपाबदामाच्या खुराकाची. मॅटवरची फ्रीस्टाइल कुस्ती सहा मिनिटांची. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद, आणि दहा गुणांची आघाडी मिळाली की खेळ खलास. तिथे लागतो तो स्फोट आणि तीस सेकंदांत सावरण्याची तयारी. दोन्ही कुस्त्यांत स्नायू वेगळ्या इंधनावर चालतात. मग हजार बैठका त्या सहा मिनिटांना उपयोगी पडतात की आड येतात? थंडाईतून आणि तुपातून येणारी चरबी मोठ्या गटातल्या मल्लाला चालून जाते. सत्तावन्न किलोच्या पोराचं ती काय करते? तालमीत याचं उत्तर परंपरेने दिलं जातं, विद्यापीठात परदेशी पाठ्यपुस्तकाने. या दोन उत्तरांची कुस्ती एकदा लावून बघायला हवी.

वजनाचं तर बोलायलाच नको. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली विनेश फोगाट शंभर ग्रॅमनी बाद झाली आणि सगळा देश रात्रीतून वजनतज्ज्ञ झाला. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतचं साडेचार किलोंहून जास्त वजन एका रात्रीत उतरवलं गेलं आणि त्याने कांस्य आणलं. हे जिल्हा स्पर्धेतही होतं. चौदा-पंधरा वर्षांची पोरं पाणी तोडतात, अंगावर जाड कपडे घालून पळतात, वजन झालं की घटाघटा पाणी पितात. वाढीच्या वयात याचा काय परिणाम होतो, हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. वजनकाटा, वही आणि दोन हंगाम पुरतात. फक्त वही धरणाऱ्याला काय शोधायचं ते ठाऊक हवं.

मुलींच्या बाबतीत तालमीचं ज्ञान साफ अपुरं आहे, कारण हौद्यात बाईने उतरायचं नाही अशी पिढ्यानपिढ्यांची रीत. ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आली २००४ साली, आणि आता कोल्हापूर-सांगलीच्या खेड्यांतल्या मुली मॅटवर आहेत. पाळीच्या दिवसांत मेहनत किती द्यायची, रक्तातलं लोह कमी असेल तर दम का लागतो, हे त्या वस्तादाला विचारू शकत नाहीत आणि त्याने विचारलं तर घरचे गोंधळतात. इथे एम.पी.एड. झालेली मुलगी जे करू शकते ते दुसरं कुणीच करू शकत नाही. नेमबाजीत तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ला आशियाई सुवर्ण जिंकलं. म्हणजे मुलींना खेळात घालायला कोल्हापूर कचरतं असं नाही. त्यांच्या शरीराचा इथल्या मातीतला अभ्यास मात्र कुणी मांडलेला दिसत नाही.

  

परंपरेचं ज्ञान असं मोजून तपासणं जमणार कसं, असं कुणी विचारेल, तर मराठी मुलखात हे एकदा जमलेलं आहे. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. आसनं आणि प्राणायाम यांना त्यांनी क्ष-किरण आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्रासमोर बसवलं, निष्कर्ष ‘योगमीमांसा’त छापले. श्रद्धा होती, पण तपासल्याशिवाय बोलायचं नाही हा बाणा होता. पुढे जगभर योगाला जी वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली, तिच्या मुळाशी ही मोजमापं आहेत. बडोद्याहूनच द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत काढला. म्हणजे नोंदींचं कामही झालेलं आहे. कुस्तीला तिचा कुवलयानंद मिळाला नाही, एवढंच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनमध्ये देशी खेळ जगाला दाखवले. ते दाखवणं झालं, मोजणं राहिलं.

आता नियमही आड येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय केली. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या जाणकाराला पीएच.डी. नसली तरी विद्यापीठात शिकवता येतं, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. चाळीस वर्षं हौद्याकाठी बसलेला वस्ताद या व्याख्येत का बसू नये? शिवाजी विद्यापीठाला १९६२पासून कोल्हापूर, सांगली आणि सातारा हा कुस्तीचा सगळा पट्टा लाभला आहे. वस्तादाने विद्यार्थ्याला काय बघायचं ते शिकवावं, प्राध्यापकाने ते कसं मोजायचं ते, आणि प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून दोघांची सही असावी. तोंडी परीक्षेला वस्तादाने एकच प्रश्न विचारला तरी निम्मे साचेबंद प्रबंध चितपट होतील.

अडचण आहे ती वेळेची. तालीम पहाटे चार-साडेचारला जागी होते, नवाच्या सुमारास पोरं आंघोळ करून, खुराक घेऊन आडवी झालेली असतात. विद्यापीठाची कचेरी त्यानंतर उघडते. सुरुवात करायची तर आधी हजेरीपटावरची वेळ बदलून घ्यावी लागेल, आणि ती बदलायला कुठल्या समितीची मंजुरी लागते याची चौकशी आजच करायला हवी.