दोन तारा, एकच चित्र

एकाच कामाच्या दोन वस्तू दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एकीची किंमत थोडी, दुसरीची तिच्या कित्येक पट. महाग वस्तू खरोखर अधिक चांगले काम करीत असेल तर प्रश्नच मिटला. पण ती तेवढेच काम करीत असेल तर? मग ती चढ्या किमतीस विकणे हा व्यापार की लबाडी? आणि घेणाऱ्याची खुशी असली म्हणजे विकणाऱ्याचा दोष धुऊन निघतो काय? प्रश्न जुना आहे. आज तो एका साध्या तारेच्या रूपाने आपल्या घरात आला आहे, म्हणून त्या तारेपासूनच आरंभ करू.

टीव्हीला सेट-टॉप बॉक्स किंवा संगणक जोडण्यासाठी जी तार लागते तिला एचडीएमआय केबल म्हणतात. या पद्धतीचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये निघाले. या एकाच तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. मात्र जाताना ते शून्य आणि एक या दोनच खुणांची लांबलचक ओळ होऊन जातात. पलीकडच्या संचाला एवढेच ठरवावयाचे असते की, आलेली खूण शून्य आहे की एक. ते त्याला नीट ओळखता आले की चित्र जसेच्या तसे उमटते.

उपासनेच्या वेळी भिंतीवर गीतांच्या क्रमांकांचा फलक लावतात, त्याचे उदाहरण घ्या. फलक सागवानी असो की पत्र्याचा, आकडा वाचता आला की सारी मंडळी तेच गीत गाते. सागवानामुळे गीत अधिक सुरेल होत नाही. केबलचेही तसेच आहे.

पूर्वीची गोष्ट निराळी होती. छपरावरच्या अँटेनापासून आलेली तार हलकी असली किंवा सांधा सैल झाला की पडद्यावर मुंग्या येत, एका माणसाच्या जागी दोन दिसत. तारेचा दर्जा जितका घसरे तितके चित्रही घसरे. तो अनुभव आपल्या मनात अजून घर करून आहे, आणि ‘चांगली तार घ्या, चित्र उजळेल’ असे सांगणाऱ्याचे काम त्यामुळे सोपे होते.

म्हणून स्पष्ट सांगतो: दोन-तीन मीटरांची, आवश्यक वेगाच्या कसोटीला उतरलेली स्वस्त केबल आणि तितकीच लांब महाग केबल यांच्या चित्रात काडीचाही फरक नसतो. रंग अधिक खुलत नाहीत, रेषा अधिक रेखीव होत नाहीत. टोकाला सोन्याचा मुलामा असला तर गंज धरत नाही, हे खरे. पण त्याने चित्र उजळत नाही.

याचा अर्थ प्रत्येक स्वस्त केबल चालेलच असा कोणी घेऊ नये. फलक फार लांब टांगला तर मागच्या बाकावरचा माणूस तीनचा आठ वाचील. त्याचप्रमाणे तार लांब झाली, किंवा तिच्यातून फार वेगाने माहिती पाठविली, की खुणा अस्पष्ट होतात. मग पडद्यावर चमकते ठिपके येतात, चित्र तुटते, नाहीतर पडदा काळाच पडतो. ४के दर्जाच्या चित्रासाठी सेकंदाला १८ गीगाबिटपर्यंत वेग लागतो. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबलची कसोटी ४८ गीगाबिटची आहे. अशा वेगाला साधी तांब्याची केबल पाच-सात मीटरांपुढे भरवशाची राहत नाही. सभागृहात प्रोजेक्टरपर्यंत पंधरा-वीस मीटर तार न्यावयाची असेल, तर प्रकाशतंतूची किंवा संकेताला बळ देणारी केबल घ्यावी लागते. ती महाग असते, आणि त्या महागाईला कारण असते.

आता नीतीचा प्रश्न. पुष्कळ जण म्हणतील, ‘माल माझा, किंमत माझी, परवडेल त्याने घ्यावा.’ मार्टिन ल्यूथर याने १५२४ साली व्यापार आणि व्याजबट्टा यांवर एक पुस्तिका लिहिली. आपला माल जितका महाग विकता येईल तितका विकावा, हा व्यापाऱ्यांचा नियमच तिच्यात त्याने चुकीचा ठरविला. खर्च, कष्ट आणि जोखीम यांचा मोबदला व्यापाऱ्याने जरूर घ्यावा. पण शेजाऱ्याची गरज पाहून भाव चढवू नये, असा त्याचा रोख होता. मला वाटते, आपल्या तारेच्या बाबतीत याला आणखी एक गोष्ट जोडावयास हवी. शेजाऱ्याच्या गरजेइतकाच त्याच्या अज्ञानाचाही फायदा घेता येतो. घेणाऱ्याने होकार दिला खरा, पण तो ‘चित्र उजळेल’ या शब्दावर विसंबून दिला. शब्दच खोटा असेल तर त्यावर उभा असलेला होकार किती खरा?

अनुवाद या पुस्तकात दोन प्रकारची वजने बाळगण्यास मनाई आहे, ती याचसाठी. तेथे भाव किती असावा हे सांगितलेले नाही. माप खरे असावे एवढेच सांगितले आहे. आजचे वजन पुष्कळदा शब्दांचे असते. देशाचा कायदाही आता हे ओळखतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे फसव्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण गल्ल्यापाशी हळूच उच्चारलेल्या वाक्यापर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो. तेथे विक्रेत्याची सदसद्विवेकबुद्धीच कामास येते.

आपल्यातील कित्येक तरुण अशा दुकानांत नोकरी करतात. संचावर नफा थोडा सुटतो, जोडवस्तूंवर जास्त, म्हणून महाग केबल खपविण्याचा आग्रह त्यांना होतो. त्यांनी नोकरी सोडावी असे मी म्हणणार नाही. ‘ही केबल मजबूत आहे, वारंवार काढा-घाला केली तरी टिकेल,’ असे ते खरे असल्यास बेलाशक सांगावे. ‘चित्र अधिक चांगले दिसेल,’ हे मात्र सांगू नये. गिऱ्हाइकाने विचारलेच तर खरे उत्तर द्यावे, मग विक्री हातची गेली तरी.

स्वस्त ते घ्यावे आणि महागाला नाक मुरडावे, असा धडा मात्र यातून कोणी काढू नये. उज्जैनच्या भैरवगढ भागात, क्षिप्रेच्या काठी, याच्या उलट गोष्ट पाहावयास मिळते. हा भाग काळभैरवाच्या देवळासाठी ओळखला जातो, तसा बाटिक छपाईसाठीही. कारागीर वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढतो, कापड रंगात बुडवितो, वाळवितो, पुन्हा मेण लावतो, पुन्हा गडद रंगात बुडवितो. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतो. मेणाला पडलेल्या तड्यांतून रंग झिरपतो आणि बारीक शिरा उमटतात. एका कापडाच्या शिरा दुसऱ्यावर कधीच तशाच येत नाहीत. उज्जैनच्या या बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

बाजारात याची यंत्रावर छापलेली नक्कलही मिळते. तिच्यात तडेसुद्धा छापलेले असतात. ती स्वस्त असते, आणि छापील म्हणून विकली तर त्यात पाप नाही. पण ‘हातची बाटिक’ म्हणून विकली, तर महाग केबलवाल्याने केला तोच अपराध येथे स्वस्ताईच्या आडून होतो. तारेत नसलेला गुण आहे म्हणून सांगितला. येथे कापडात नसलेले कष्ट आहेत म्हणून सांगितले. खोटेपणा एकच, भाव तेवढे उलटे.

आणि आपण गिऱ्हाईक? नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात घेताना मालाला नावे ठेवणारा आणि पाठ फिरताच फुशारकी मारणारा एक गिऱ्हाईक आहे. तो आपल्या ओळखीचा वाटत नाही काय? मेणाच्या धुरात दिवसभर बसलेल्या कारागिराशी आपण पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो. त्याने भाव कमी केला की घरी येऊन कौतुकाने सांगतो. तेच आपण चकचकीत दुकानात, रंगीत खोक्यातल्या तारेचे मागतील तेवढे पैसे निमूटपणे मोजतो. तेथे घासाघीस करणे आपल्याला कमीपणाचे वाटते. जेथे कष्ट डोळ्यांना दिसतात तेथे आपला हात आखडतो, आणि जेथे केवळ शब्द आहेत तेथे तो सैल सुटतो. विकणाऱ्याच्या खोट्या वजनाविषयी बोलताना आपल्या स्वतःच्या तराजूकडेही एकदा पाहिलेले बरे.

तेव्हा तार घेताना लांबी आणि वेग विचारा, कसोटीचे प्रमाणपत्र पाहा आणि त्यात बसणारी स्वस्तात स्वस्त घ्या. मंडळीच्या पैशाने घ्यावयाची असेल तर हे दुप्पट काळजीने करा, कारण त्या पैशात कोणाची तरी काटकसर असते. आणि वाचलेले पैसे खिशात असताना भैरवगढला जाणे झाले, तर कापड उलटून पाहा. रंगात बुडविलेल्या बाटिकचा रंग मागेही तितकाच उतरलेला असतो. तो दिसला, तर कारागिराने सांगितलेला भाव द्या.