रिकाम्या जागा आणि म्हातारी

संहितेतील रिकाम्या जागा वाचकाने भरणे हे वाचनाचे वैगुण्य नसून वाचनाची अटच आहे, ही रोमन इनगार्डन व वोल्फगांग इझर यांची भूमिका आपल्याकडील समीक्षाव्यवहारात आता पुरेशी रूढ झालेली आहे. कथानकातील मौन, निवेदकाने न सांगितलेला काळ, पात्राचा अनुच्चारित हेतू या स्थळी वाचक स्वतःचा अनुभव गुंतवतो आणि कृती पूर्णत्वाला जाते. वर्गात आपण विद्यार्थ्यांना हेच शिकवतो, आणि ते योग्यही आहे. परंतु ही रिकामी जागा संहितेत नसून एखाद्या जित्याजागत्या माणसाच्या आयुष्यात असेल तर? कोणी तरी नाहीसे होते, अपहरणाचा संशय येतो, तपास सुरू होतो, आणि तपास पुरा होण्याच्या कितीतरी आधी शेकडो माणसे त्या रिकाम्या जागेत आपापले कथानक ओततात. याची चर्चा बहुधा बदनामी किंवा खाजगीपणाचा भंग या अंगाने होते. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. अधिक मूलभूत प्रश्न असा की, वाचक म्हणून जी क्षमता आपला गुण ठरते, तीच क्षमता माणसांच्या बाबतीत वापरताना अपराध केव्हा होते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी इंग्लंडमधील एका जुन्या प्रकरणाकडे वळणे उपयोगी ठरेल. त्यात एक कादंबरीकार, एक चित्रकार, एक वैद्य आणि एक तत्त्वज्ञ असे चार सुविद्य वाचक सापडतात. आणि त्यांच्या वाचनाची किंमत मोजणाऱ्या दोन स्त्रिया. एक अठरा वर्षांची, दुसरी वृद्ध.

१ जानेवारी १७५३ रोजी लंडनमधील एलिझाबेथ कॅनिंग ही मोलकरीण नातेवाइकांकडून परतताना नाहीशी झाली. २९ जानेवारीला ती आईच्या दारात उभी राहिली, ती उपासमारीने खंगलेली आणि अंगावर धड वस्त्र नसलेली. तिच्या सांगण्याप्रमाणे दोघा पुरुषांनी तिला लुबाडून एका घरात नेले; तेथे एका म्हाताऱ्या बाईने वाममार्गाला लागण्याविषयी विचारले, नकार मिळताच तिची घट्ट कसायची काचोळी कापून घेतली आणि तिला माडीवर कोंडले. पावाचे तुकडे, घडाभर पाणी आणि खिशातली एक गोड पोळी यांवर आपण चार आठवडे काढले, असे ती म्हणाली. एनफील्ड वॉश येथील सुझाना वेल्सच्या घरात तिला नेण्यात आले तेव्हा तेथे उतरलेल्या मेरी स्क्वायर्स या जिप्सी म्हातारीकडे तिने बोट दाखवले. फेब्रुवारीत ओल्ड बेलीच्या न्यायालयाने स्क्वायर्सला फाशीची शिक्षा सुनावली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही शिक्षा कोंडून ठेवण्यासाठी नव्हती. दहा शिलिंग किमतीच्या काचोळीच्या चोरीसाठी होती. वेल्सला अंगठ्यावर डाग आणि सहा महिने तुरुंगवास मिळाला. तिच्या बाजूने बोलू पाहणाऱ्या शेजाऱ्यांना बाहेरच्या जमावाने न्यायालयात पाऊल टाकू दिले नव्हते.

या हकिकतीतील एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. मुलगी बेपत्ता असतानाच तिच्या आईने एका ज्योतिष्याचा सल्ला घेतला होता, आणि तुमची मुलगी एका काळ्या म्हाताऱ्या बाईच्या हाती सापडली आहे, असे त्याने सांगितले होते. एका घोडागाडीतून तरुण मुलीची किंकाळी ऐकू आल्याची वदंता वृत्तपत्रातील जाहिरातीत छापली गेली होती. मुलगी घरी आल्यावर शेजारीपाजारी खोलीत दाटीवाटीने जमले. हर्टफर्डच्या रस्त्याचा उल्लेख तिच्या तोंडून येताच, ते घर वेल्सबाईचेच असणार, हा अंदाज त्या गर्दीतल्याच एका परिचिताने बोलून दाखवला. म्हणजे म्हातारी, किंकाळी आणि घर या तिन्ही गोष्टी लोकांच्या तर्कात वावरत होत्या, आणि त्यांपैकी दोन तर मुलीने तोंड उघडण्यापूर्वीच. स्क्वायर्स ही संशयित म्हणून सापडली असे म्हणण्यापेक्षा, एक जागा आधीच आखून ठेवलेली होती आणि तिच्यात बसणारी व्यक्ती सापडली, असे म्हणणे अधिक नेमके होईल. मुली पळवणारी, कुरूप, गावोगाव भटकणारी म्हातारी ही युरोपीय लोककथेतील सुपरिचित भूमिका आहे. तिच्यासाठी पुरावा लागत नाही, चेहरा लागतो. गंमत अशी की स्क्वायर्सचा चेहरा खरोखरच असाधारण होता. माझ्याकडे एकदा पाहिलेस तर विसरणार नाहीस, असे चेहरा दाखवणारी ती स्वतःच म्हणाल्याची नोंद आहे. आणि नेमके हेच वैशिष्ट्य कॅनिंगच्या पहिल्या जबानीत नव्हते. ज्याने तर्काला खीळ बसावी त्यानेच तर्क पक्का झाला.

आता सुविद्य वाचकांकडे येऊ. हेन्‍री फील्डिंग त्या वेळी बो स्ट्रीटचा दंडाधिकारी होता. 'टॉम जोन्स' प्रसिद्ध होऊन चार वर्षे झाली होती. त्या कादंबरीच्या आठव्या भागाच्या आरंभी त्याने शक्य आणि संभाव्य यांतील भेदाची सविस्तर चर्चा केली आहे: लेखकाने शक्यतेच्या मर्यादेत राहावेच, पण संभाव्यतेच्या मर्यादेतही राहावे. यामागे ॲरिस्टॉटल उभा आहे हे उघड आहे. पण कॅनिंगच्या बाजूने १७५३ च्या मार्चमध्ये काढलेल्या पुस्तिकेत हाच फील्डिंग संभाव्यतेचा निकष उलटा फिरवतो. तिची हकिकत चमत्कारिक आहे हे तो मान्य करतो. पण इतकी भोळी मुलगी अशी हकिकत रचूच शकणार नाही आणि रचायचीच तर अधिक पटण्याजोगी रचली असती, असे त्याचे प्रतिपादन आहे. कादंबरीकाराच्या कारागिरीचे ज्ञान येथे साक्षीच्या मूल्यमापनाला जुंपलेले दिसते. व्हर्च्यू हॉल या त्या घरातील तरुणीने तुरुंगाची धमकी मिळाल्यावर त्याच्यासमोर कॅनिंगला दुजोरा देणारी जबानी दिली आणि पुढे ती मागे घेतली. दोन जबान्या जुळतात म्हणून दोन्ही खऱ्या, हा त्याचा युक्तिवाद होता. एका संहितेतील दोन प्रकरणे जुळली तर आपण रचनेचे कौतुक करतो. त्या दोन प्रकरणांना भीती या एकाच हाताने जुळवले असेल, ही शंका संहितेच्या बाबतीत येत नाही आणि यायचे कारणही नाही.

मीमांसकांच्या परिभाषेत या प्रकाराला अर्थापत्तीचा दुरुपयोग म्हणता येईल. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असला पाहिजे, हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. या प्रमाणाची ताकद दोन पूर्वसिद्ध गोष्टींत आहे: लठ्ठपणा डोळ्यांनी दिसलेला असतो आणि दिवसाचा उपवास विश्वसनीय रीतीने कळलेला असतो. लोकापवादात घडते ते असे की, देवदत्त लठ्ठ आहे की नाही हे कोणी पाहिलेलेच नसते. तो रात्री जेवतो या गोष्टीची गोडी आधी लागते, आणि मग त्या गोडीला शोभेल असा लठ्ठपणा त्याला बहाल केला जातो. न कळलेले समजून घेण्यासाठी केलेली कल्पना आणि जे ऐकायला आवडते त्याला आधार म्हणून केलेली कल्पना, या दोहोंचे व्याकरण एकच आहे; म्हणून बाहेरून त्या ओळखू येत नाहीत.

मग तर्कच करू नये काय? हे उत्तर मला स्वीकारार्ह वाटत नाही, कारण स्क्वायर्सचा जीव वाचला तो तर्कामुळेच. खटल्याच्या वेळी लंडनचा महापौर या नात्याने न्यायासनावर बसलेले सर क्रिस्प गॅस्कॉइन यांना निकाल रुचला नाही. त्यांनीही एक अंदाज बांधला: ही बाई खरोखरच जानेवारीत दूर डॉर्सेटमध्ये असेल तर? पण तो अंदाज त्यांनी छापला नाही, ॲबट्सबरीच्या धर्मगुरूला पत्र लिहिले. आपला तर्क जेथे खोटा ठरू शकेल अशा ठिकाणी त्यांनी तो पाठवला. ॲबट्सबरीच्या लोकांनी म्हातारीला ओळखले, आणि १७५३ च्या मे महिन्यात तिला माफी मिळाली. गॅस्कॉइन यांना याचे बक्षीस म्हणून शिव्याशाप मिळाले, त्यांच्या गाडीच्या काचा फुटल्या. जिप्सींना इंग्रजीत मुळात 'इजिप्शियन' म्हटले जाई म्हणून त्यांच्या पक्षाला 'इजिप्शियन' असे हिणवले जाऊ लागले. (सप्टेंबर १७५२ मध्ये इंग्लंडने नवे पंचांग स्वीकारताना अकरा दिवस गाळले होते. तो नव्या गणनेचा पहिलाच नाताळ. खेड्यातील साक्षीदार नव्या नाताळापासून दिवस मोजत होते की जुन्या, हा गुंता दोन्ही बाजूंना पुरला. माणसांची स्मृती ज्या पंचांगावर टांगलेली असते तेच हलले होते.)

येथवरची कथा सत्यशोधनाच्या विजयाची म्हणून सांगता आली असती. तशी ती राहिली नाही. म्हातारीची जागा मोकळी होताच त्याच उत्साहाने मुलीसाठी जागा आखली गेली. डॉक्टर जॉन हिलने फील्डिंगची खिल्ली उडवणारी पुस्तिका लिहिली. चित्रकार ॲलन रॅम्झीने पत्ररूप निबंधात जे सुचवले त्याचा रोख असा की, कुमारिका महिनाभर नाहीशी होते त्यामागे लपवण्याजोगी प्रसूती असू शकते. व्होल्तेअरने १७६२ साली कालास प्रकरणाबरोबर हे प्रकरण मांडताना त्या सूचनेचे जवळजवळ वस्तुस्थितीत रूपांतर केले. त्याचा हेतू उदात्त होता यात शंका नाही. जमावाच्या श्रद्धाळूपणामुळे निरपराध माणसे कशी मारली जातात हे त्याला दाखवायचे होते. पण जमावाच्या कथेला हरवण्यासाठी त्याने दुसरी, अधिक जुनी कथा वापरली: नाहीशी झालेली मुलगी म्हणजे पुरुषाबरोबर गेलेली मुलगी. विवेकवाद्याने म्हातारीला सोडवले ते मुलीच्या अब्रूच्या जामिनावर.

जोसेफिन टे हिच्या 'द फ्रँचाइज अफेअर' (१९४८) या कादंबरीला हेच प्रकरण आधारभूत आहे. तेथे एका एकाकी घरात राहणारी वृद्ध आई आणि तिची मुलगी यांच्यावर एक शाळकरी मुलगी अपहरणाचा आरोप करते. एक सनसनाटी दैनिक तो उचलते. गावकरी घरावर चालून जातात, शेवटी घर जळते. लोकतर्काच्या क्रौर्याचे इतके संयत चित्रण इंग्रजी रहस्यकथेत क्वचितच आढळेल. तरीही मुलीचा खोटेपणा वाचकाला आधी जाणवतो तो तिच्या डोळ्यांच्या निळ्या छटेवरून, आणि उलगडा होतो तो रॅम्झी-व्होल्तेअर यांच्याच वळणाने: ती एका पुरुषाबरोबर होती. चेहऱ्यावरून म्हातारीला दोषी ठरवणाऱ्या जमावाचा निषेध करणारी कादंबरी डोळ्यांवरून मुलीला दोषी ठरवते. शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की, चित्रातला घोडा खराही नसतो आणि खोटाही नसतो, त्यामुळे कादंबरीला हे स्वातंत्र्य आहे. स्वातंत्र्य आहेच. पण चित्रातील घोडे पाहून पाहून जे डोळे तयार होतात, त्याच डोळ्यांनी आपण रस्त्यावरील माणसांकडे पाहतो, हेही शंकुकाच्या न्यायात बसवावे लागेल.

स्क्वायर्स ज्या समाजाची होती त्याची भाषा भारतीय आर्य कुलातील आहे, आणि भटक्या माणसावर अपहरणाचा संशय घेण्याची रीतही आपल्याला परकी नाही. १८७१ च्या कायद्याने येथील कित्येक जमातींना जन्मतःच संशयित ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'चे (१९८७) शीर्षकच सांगते की ती आखलेली जागा शिल्लक होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्याच वर्षी मे महिन्यात तमिळनाडूत तिरुवण्णामलै जिल्ह्यात वाट चुकलेल्या एका वृद्धेने मुलांना खाऊ दिला आणि तिचा जीव गेला. या दोन्ही ठिकाणी कोणतेही मूल हरवलेले नव्हते. लंडनमध्ये निदान एक रिकामी जागा खरी होती. येथे म्हातारीसाठी आखलेली जागा तेवढी होती, आणि तिच्यासाठी हरवलेले मूल कल्पनेने पुरवले गेले.

समीक्षकाने या सर्वांत भाग घ्यावा तो कोणत्या भूमिकेतून, हा प्रश्न उरतो. 'अनेक अर्थ एकत्र नांदू शकतात' ही आपली आवडती भूमिका येथे चालत नाही. संहितेच्या बाबतीत ती औदार्याची असते. माणसाच्या बाबतीत ती दोन्ही संशय जिवंत ठेवण्याची सबब होते. त्या २८ दिवसांत कॅनिंग एकाच ठिकाणी होती किंवा काही ठिकाणी होती, पण ते जे काही घडले ते एकदाच घडले, आणि ते फक्त तिला ठाऊक होते. आर्थर मॅकेनने १९२५ साली आणि लिलियन द ला टॉर हिने १९४५ साली या विषयावर पुस्तके लिहिली. पुढेही ती येत राहिली. प्रत्येक पुस्तक एक जागा भरते आणि त्या जागेच्या रिकामेपणावरच जगते.

१७५४ च्या वसंतात कॅनिंगवर खोट्या शपथेचा खटला चालला. दोन्ही बाजूंनी डझनावारी साक्षीदार उभे राहिले, आणि त्यांतील बहुतेक प्रामाणिक असावेत असे वृत्तान्त वाचताना वाटते. पंचांनी प्रथम दिलेला निर्णय असा होता: खोट्या शपथेबद्दल दोषी, पण हेतुपुरस्सर व भ्रष्ट बुद्धीने नव्हे. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. असा अर्धा निर्णय देता येत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. पंच पुन्हा आत गेले आणि नुसता 'दोषी' हा शब्द घेऊन बाहेर आले. सात वर्षांच्या हद्दपारीवर तिला अमेरिकेत पाठवण्यात आले. कनेक्टिकटमधील वेदर्सफील्ड येथे तिने लग्न केले, आणि १७७३ साली ती वारली. पहिल्या जबानीत तिने जे सांगितले होते त्याहून वेगळे काही तिने अखेरपर्यंत सांगितल्याची नोंद नाही.