घरासाठी किती मिळकत हवी?

लग्नाची बोलणी सुरू झाली की हल्ली मुलाच्या पगारापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: घर स्वतःचे आहे का? प्रश्न गैर नाही. घराला अल्लाहने विसाव्याचे ठिकाण बनविले आहे, असे कुरआन (१६:८०) सांगतो, प्रशस्त घराची गणना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माणसाच्या सौभाग्यात केली आहे. साताऱ्यात किंवा सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाने हक्काच्या छताची आस धरली, तर तो दुनियेचा लोभ ठरत नाही. पेच सुरू होतो तो हिशेबापाशी.

बँकेचा हिशेब आधी पाहू. समजा, घर ३० लाखांचे आहे. ५ लाख हाताशी आहेत आणि २५ लाख साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढायचे आहेत. मासिक हप्ता सुमारे २१,७०० रुपये बसतो. हप्ता मिळकतीच्या ४० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा ढोबळ नियम धरला तर महिन्याला ५४ हजारांची मिळकत हवी. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळाच. पहिल्या हप्त्यातले १७,७०० रुपये निव्वळ व्याजात जातात, मुद्दल फिटते अवघ्या चार हजारांनी. २० वर्षांत २५ लाखांचे ५२ लाख होतात.

या हिशेबात मिळकत दरमहा न चुकता येणार, हे गृहीत आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील कारागिराची मिळकत मागणीनुसार येते, हळदीच्या बाजारातील हमालाची हंगामानुसार. आई-वडिलांचे औषधपाणी, माघारी आलेल्या बहिणीचा खर्च, वर्षाची जकात यांना त्या तक्त्यात रकानाच नाही. शरीअतमध्ये मात्र हे हक्क आधी येतात.

व्याज वाईट का, याचे उत्तर आपण बहुधा ‘हराम आहे म्हणून’ एवढ्यावर आटोपतो. सांगलीकरांना ते अधिक जवळून कळायला हवे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. घरांत पाणी शिरले, दुकानांतला माल कुजला. करारातला हप्ता मात्र पाण्याने ओला होत नाही. घर बुडाले तरी देणेकऱ्याचे नुकसान, धंदा बुडाला तरी त्याचेच. धनको दोन्ही वेळा कोरडा. लाभ त्याचाच ज्याने जोखीम उचलली, हे इस्लामी व्यवहाराचे सूत्र आहे. अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले (२:२७५), त्यातला भेद इथे उघड दिसतो. घटत्या भागीदारीत पैसा देणारा घराचा सहमालक असतो, म्हणून पुराचा वाटाही त्याच्याकडे जातो.

‘पण आमची मजबुरी आहे,’ असे कोणी म्हणेल. युरोपातील फतवा परिषदेने १९९९ मध्ये तिथल्या मुस्लिमांना राहत्या घरापुरती अटींसह सवलत दिली होती, हा दाखला इथेही दिला जातो. अनेक विद्वानांनी तो निर्णय मान्य केला नाही, आणि मलाही तो आपल्याकडे जसाच्या तसा लावणे पटत नाही. भाड्याचे छत डोक्यावर असताना मालकीची इच्छा ही निकड नव्हे. मात्र नाव ऐकून खोली नाकारली जाते, हेही वास्तव आहे, आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविल्यावर ती वाटही बंद झाली. अशा वेळी एखाद्या तरुण जोडप्याला केवळ ‘हराम’ एवढा शब्द ऐकवून घरी पाठविणारे आपण कोण?

म्हणून हिशेब दुसऱ्या टोकापासून मांडून पाहा. किती मिळकत हवी, हे नंतर. आहे त्या मिळकतीतून सर्वांचे हक्क दिल्यावर काय उरते, ते आधी. महिन्याला ८ हजार उरत असतील तर आठ वर्षांत ७ लाख ६८ हजार होतात. तेवढ्यात तयार फ्लॅट येणार नाही. आधी जागा, मग जोते, मग दोन खोल्या, स्लॅब पुढे केव्हातरी. आपल्या आजोबांनी घरे अशीच उभी केली. (गुंठेवारीतील जागा असेल तर कागदपत्रे वकिलाला दाखविल्याशिवाय बयाणा देऊ नये.)

आठ वर्षे फार वाटतात, ती माणूस एकटा असतो म्हणून. आपल्या मोहल्ल्यांत भिशी चालतेच. वीस जणांनी दरमहा दहा हजार घातले तर दर महिन्याला एकाच्या हाती दोन लाख येतात, एक पैशाचेही व्याज न देता. लिलावाची भिशी मात्र टाळावी; गरजू माणूस कमी रक्कम घेऊन नंबर विकत घेतो, तिथे व्याज मागच्या दाराने आत येते. मृताच्या डोक्यावर कर्ज आहे हे कळताच प्रेषित (स.) जनाजाच्या नमाजसाठी पुढे झाले नाहीत, अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले, तेव्हा त्यांनी नमाज पढविली. देणे किती गंभीर आहे हे आपण त्या प्रसंगातून सांगतो, अबू कतादांचे काम मात्र क्वचित आठवतो. भिशीत पहिला नंबर घरमालकाने खोली खाली करायला सांगितलेल्याला द्यावा, ज्यांची घरे झाली आहेत त्यांनी शेवटचे नंबर घ्यावेत, आणि कुरआनच्या आदेशाप्रमाणे (२:२८२) सारे लिहून, साक्षीदारांसमोर ठेवावे.