तळ्यातले पिल्लू आणि ‘चार लोक’

ग. दि. माडगूळकरांचे बदकाच्या पिल्लाचे गीत ज्याच्या कानी कधी पडलेच नाही, असा मराठी भाषक विरळाच. १९५८ सालच्या ‘सुखाचे सोबती’ या चित्रपटासाठी लिहिलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले हे गीत पुढे चित्रपटापासून सुटले आणि बालवाडीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, पाळण्याशेजारी जाऊन बसले. त्याची मूळ कथा डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अँडरसन यांची, १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेली. एका तळ्यातल्या पिल्लांत एक वेगळे दिसणारे पिल्लू असते. सारे त्याला हिणवतात, शेवटी ते राजहंस निघते. इतक्या साध्या गोष्टीवर इस्लामी शिकवणुकीच्या मासिकात लिहिण्यासारखे काय आहे, असे काही वाचकांना वाटेल. माझ्या मते पुष्कळ आहे. आपल्या मुलांना आपण हे गीत शिकवतो, आणि त्या तळ्यातल्या बदकांप्रमाणेच पुढे वागतोही.

संगीताच्या वैधतेचा मसला येथे काढण्याचे कारण नाही. तो विद्वानांच्या ग्रंथांत सविस्तर आला आहे. येथे विचार आहे तो शब्दांचा. आणि शब्दांविषयी आपल्यापुढे प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदर्श आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत शरीद (रजि.) सांगतात की, प्रवासात प्रेषितांनी (स.) त्यांना उमय्या इब्न अबी सल्तचे काव्य येते का, असे विचारले आणि एकेक ओळ म्हणवून घेत शंभर ओळी ऐकल्या. हा कवी ईमान न आणताच मरण पावला होता. त्याच्या शब्दांत जे सत्य होते, ते मात्र ऐकण्याजोगे ठरले. गदिमांचे शब्दही त्याच न्यायाने ऐकावेत.

गीत नीट ऐकले तर एक गंमत लक्षात येते. वर्णन बदकांचे चालले आहे आणि मध्येच पिल्लाकडे ‘बोट’ दाखवून हसणारे ‘लोक’ येतात. बदकांना बोटे नसतात. एवढ्या एका शब्दाने कवीने पडदा बाजूला सारला आहे, असे मला वाटते. तळे हे गावाचे, मोहल्ल्याचे, बिरादरीचे आहे. पुढे पिल्लू एकटेच रडते. भावंडेही त्याची विचारपूस करीत नाहीत, आणि आईचा तर गीतात उल्लेखच नाही. जो येतो तो टोचून जातो. या पिल्लाने कोणाचे काही बिघडवलेले नाही. ते चोर नाही, लबाड नाही, आळशी नाही. ते फक्त इतरांसारखे नाही, आणि तळ्याच्या न्यायात तेवढाच गुन्हा पुरेसा आहे. तळे ‘चांगले की वाईट’ असे कधीच विचारत नाही; ‘आपल्यासारखे की वेगळे’ एवढेच विचारते.

अरबी भाषेत अशा तळ्यातल्या रहिवाशासाठी एक नेमका शब्द आहे: इम्मआ. भाषापंडित तो ‘मी तुझ्याबरोबर’ या अर्थाच्या शब्दांशी जोडतात. म्हणजे ज्याला स्वतःचे मत नाही, जो भेटेल त्याच्या मागे ‘मीही तुमच्याबरोबर’ म्हणत जातो, तो. मराठीतला ‘होयबा’ त्याच्या जवळचा आहे, परंतु होयबा बहुधा एखाद्या मोठ्या माणसापुढे मान डोलावतो; इम्मआ हा गर्दीपुढे डोलावतो. इमाम तिर्मिजी यांनी हजरत हुजैफा (रजि.) यांच्याकडून नोंदविलेल्या एका कथनाचा आशय असा आहे की, लोक भले वागले तर आम्हीही भले वागू आणि लोकांनी जुलूम केला तर आम्हीही करू, असे म्हणणारे इम्मआ होऊ नका, आपल्या मनाला वळण लावा, लोक चांगले वागोत वा वाईट, तुम्ही जुलूम करू नका. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांच्याकडूनही याच अर्थाचा उपदेश आला आहे. येथे लोकांपासून दूर पळायला सांगितलेले नाही. आपल्या कृतीचे कारण लोकांच्या हाती सोपवू नका, एवढेच सांगितले आहे.

कुरआनात हा विषय वारंवार येतो. वाडवडिलांना ज्या वाटेवर पाहिले तीच आम्ही धरणार, असे म्हणणाऱ्यांना सूरह अल-बकरामध्ये (२:१७०) प्रश्न केला आहे की, वाडवडिलांना समज नसली आणि सरळ वाट सापडली नसली, तरीही? सूरह अल-मुद्दस्सिरमध्ये नरकवासी आपल्या अपराधांची कबुली देतात, त्यांत एक असा आहे की, व्यर्थ बडबडीत बुडालेल्यांबरोबर आम्हीही बुडत असू (७४:४५). तफसीर शिकताना मी या ठिकाणी पुष्कळ थांबलो होतो. ही माणसे स्वतःहून काही वाईट उभारल्याचे येथे सांगत नाहीत. सारे करीत होते, म्हणून त्यांनी केले.

आता आपल्याकडे येऊ. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठल्याही गावी जा, निकाहच्या बोलणीत ‘जोड्याची रक्कम’ हा शब्द निघतोच. शरीअतने महर वरावर ठेवला. आपण रोकड वधूपित्यावर ठेवली. हे अयोग्य आहे, हे न जाणणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी बापाने मुलीच्या लग्नासाठी जमिनीचा तुकडा काढला, तेव्हा तो मला म्हणाला, “मौलाना, मसला मला ठाऊक आहे. पण बिरादरीत राहायचे आहे.” वराच्या वडिलांशी बोललो तर तेही जवळपास हेच म्हणाले: “आम्हाला पैशांची भूक नाही, पण काहीच घेतले नाही तर चार लोक म्हणतील, मुलात काही खोट असेल.” म्हणजे देणाऱ्याला द्यायचे नव्हते, घेणाऱ्याला फारसे घ्यायचे नव्हते, आणि तरीही जमीन गेली. ती कोणी घेतली? ज्या चार लोकांच्या नावाने ती गेली, त्यांचा पत्ता विचारला तर कोणी सांगू शकत नाही. माझा संशय असा की, त्या चारांत आपण प्रत्येक जण आहोत. दुसऱ्याच्या दाराशी उभे राहून आपण त्याचे ‘चार लोक’ होतो आणि तो आपले.

मुलींच्या रंगाचीही हीच कथा. सावळी मुलगी दाखवायला घरचेच लोक कचरतात. जे तळे टोचते, त्यात भावंडे पहिली असतात, हे गदिमांनी अचूक हेरले आहे.

परंतु या गीतापाशी एक अडचण आहे, आणि ती मक्तबमधल्या एका लहान मुलीने माझ्यापुढे ठेवली. तिने विचारले, “पाण्यात पाहिल्यावर ते बदकच निघाले असते तर?” प्रश्न मोठा आहे. गीतातले पिल्लू वाचते, कारण ते मुळात राजहंस असते. तळ्याचा अपमान त्याने फेडला तो अधिक सुंदर निघून. म्हणजे सौंदर्याचे माप तेच राहिले, फक्त आता पिल्लू त्यात वर गेले. ज्याला वर जाता येणार नाही, जे खरोखरच कुरूप आहे आणि मरेपर्यंत तसेच राहणार आहे, त्याला हे गीत काही देत नाही. उलट ‘मी राजहंस, तुम्ही बदके’ ही भावना वाढत गेली तर ती कुठे पोचते, हे आपल्याला माहीत आहे. आदमहून (अलै.) आपण श्रेष्ठ, हा दावा सर्वप्रथम इब्लीसने केला (७:१२). आजचा बाजार तरुणांना ‘वेगळे व्हा’ असे सांगतो आणि लाखोंना एकच सदरा विकतो; त्या वेगळेपणातही इम्मआच दडलेला असतो.

मुलीला मी हजरत जाहिर (रजि.) यांची गोष्ट सांगितली. हे वाळवंटातले सहाबी दिसायला देखणे नव्हते. ते बाजारात आपला माल विकत असता प्रेषितांनी (स.) मागून येऊन त्यांना मिठीत धरले आणि थट्टेने म्हटले, हा गुलाम कोण विकत घेतो? जाहिर (रजि.) म्हणाले की, मला विकून तुमच्या हाती फारसे काही पडणार नाही. त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की, अल्लाहपाशी तुझे मोल कमी नाही. जाहिर (रजि.) त्यानंतर देखणे झाले नाहीत. त्यांना पाण्यात पाहावेही लागले नाही. मापच बदलले. श्रद्धावंत हा श्रद्धावंताचा आरसा आहे, असे हदीसमध्ये आले आहे. पिल्लाच्या तळ्यात असा एकही आरसा नव्हता, म्हणून त्याला चोरून पाण्यात डोकवावे लागले.

येथे कोणी विचारील की, मग तुमच्या मशिदीत काय चालते? एका रांगेत, खांद्याला खांदा लावून, एकाच वेळी सारे झुकतात. याहून मोठे अनुकरण कोणते? आक्षेप रास्त आहे. उत्तर नमाजच्याच मसल्यांत आहे. नियत ज्याची त्याची असते, ती इमामाला दुसऱ्यासाठी करता येत नाही. आणि इमाम चुकला तर मागच्या माणसाने ‘सुब्हानल्लाह’ म्हणून त्याला जागे करायचे असते. मागे उभा असलेला हमाल पुढे उभ्या आलिमला टोकू शकतो, आणि इमामाला ते ऐकून घ्यावे लागते. जी रांग असा आवाज मागते, ती कळप नव्हे. खाणेपिणे, पेहराव, बोली यांत लोकांसारखे असण्याला तर शरीअतची हरकतच नाही, जोवर त्यात हराम काही नाही; फुकहांनी ‘उर्फ’, म्हणजे लोकरूढी, विचारात घेतली आहे. प्रश्न उभा राहतो तो रूढी जुलूम करू लागते तेव्हा.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला दोन्ही तळ्यांत थोडे टोचून घ्यावे लागते, हेही येथे ओघाने सांगतो. एकीकडे विचारतात, मुसलमान असून इतके शुद्ध मराठी कसे? दुसरीकडे विचारतात, मदरशात शिकून मराठीत बी.ए. कशाला? सूरह अर-रूममध्ये भाषांचे आणि रंगांचे वैविध्य अल्लाहच्या निशाण्यांत गणले आहे (३०:२२). जी निशाणी आहे तिची लाज का वाटावी, हे मला आजवर कळलेले नाही.

पुन्हा निकाहकडे वळतो, कारण तळ्याची खरी परीक्षा तिथे होते. हजरत जुलैबीब (रजि.) ठेंगणे होते, रूपाने साधे होते, आणि त्यांच्या कुळाचा कोणाला पत्ता नव्हता. मदीनेत त्यांना मुलगी कोण देणार? प्रेषितांनी (स.) एका अन्सारी घरात त्यांच्यासाठी मागणी घातली. मुलीच्या आईला ते रुचले नाही; जुलैबीबसाठी, आमची मुलगी? मुलीने आतून हे ऐकले. तिने आईवडिलांना विचारले की, अल्लाहच्या प्रेषितांचा शब्द तुम्ही परत पाठवणार का? मला त्यांच्या हवाली करा, ते माझी हानी होऊ देणार नाहीत. निकाह झाला. पुढे एका मोहिमेनंतर प्रेषितांनी (स.) कोण कोण दिसत नाही असे विचारले, तेव्हा लोकांनी इतरांची नावे घेतली. जुलैबीब (रजि.) कोणाच्या स्मरणात नव्हते. मला जुलैबीब दिसत नाही, असे प्रेषित (स.) म्हणाले. शोधले तेव्हा ते शत्रूच्या सात जणांशेजारी शहीद झालेले आढळले. हा माझा आणि मी याचा, असे म्हणून प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्या हातांवर घेतले. कबर खणून होईपर्यंत त्या दोन हातांखेरीज त्यांना दुसरी तिरडी नव्हती.

आणि ती मुलगी? कथन करणारे सांगतात की, अन्सारांच्या विधवांत तिच्याइतकी सढळ हाताने खर्च करणारी दुसरी नव्हती.