टरफल उचलण्याआधी

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, आयरिश समुद्रालगत रेव्हनग्लास नावाचे गाव आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर एकेकाळी काळ्या डोक्याच्या कुरवांची हजारो घरटी असत. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गेन आणि त्यांचे विद्यार्थी विणीच्या हंगामात तिथे तंबू ठोकून राहत आणि कापडी लपणात बसून पाहत. काय पाहत? तर पिलू बाहेर आले की कुरव रिकामे टरफल चोचीत धरून दूर नेऊन टाकतो, हे. वर्षभरातले काही मिनिटांचे काम!

अंडे बाहेरून मातकट, ठिपक्यांचे. फुटल्यावर आतला पांढरा रंग उघडा पडतो आणि तो कावळ्याच्या नजरेत भरतो. टिनबर्गेन यांनी वाळूत अंडी मांडून जवळ फुटकी टरफले ठेवली. टरफल १५ सेंटीमीटरवर असताना ४२ टक्के अंडी गेली; दोन मीटरवर असताना २१ टक्के. (कड्यावर घरटे करणारा किटीवेक हा दुसरा कुरव टरफले खुशाल पडू देतो. तिथवर फारसे कोणी पोचतच नाही.)

मग आपला कुरव टरफल लगेच का उचलत नाही? चांगला तासभर, कधी त्याहून जास्त थांबतो.

कारण शेजारी. नुकते जन्मलेले पिलू ओले, निसरडे असते. पालक क्षणभर उठला की शेजारचा कुरव ते गिळून टाकतो. पिसे वाळून फुलली की गिळणे जड जाते. म्हणून कावळ्याची भीती असूनही पिलू वाळेपर्यंत थांबायचे.

तो शेजारी पिलू गिळून पुन्हा आपल्याच अंड्यांवर जाऊन बसतो. त्याला क्रूर म्हणावे, तर पिलाजवळ थांबणाऱ्या पालकालाही वत्सल म्हणावे लागेल. मला दोन्ही शब्द तिथे उपरे वाटतात. लपणातल्या माणसाचा हात शिवशिवत असेलच. पण तो बाहेर आला की सारी वसाहत कलकलाट करत उडते, घरटी उघडी पडतात आणि गिळणाऱ्यांचे फावते. एक पिलू वाचवायला जाऊन दहा गमवायची.

हीच जात हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावरही येते. तेव्हा डोके पांढरे असते, डोळ्यामागे एक काळा ठिपका तेवढा उरतो. बोटीतून त्यांच्यापुढे गाठ्या-फरसाण फेकू नका. नुसते पाहा.